कोर्टाच्या आधी मी

मतदारयादी बगलेत मारून गावात फिरायला लागलो की माझ्या अंगात कलेक्टर संचारतो. एरवी मी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला चौथीचा मास्तर. राहायला धुळ्यात, जाणंयेणं एसटीने.

अशाच एका पडताळणीत एका अक्कांच्या ओट्यावर टेकलो आणि त्यांच्या मुलाचं नाव वाचलं.

"तो धुयाना जेलमा शे, गुरुजी," अक्का म्हणाल्या. बांधावरच्या भांडणाची केस होती, निकाल लागायचा होता.

मी डोकं चालवलं. माणूस जिथे जेवतो-झोपतो तिथला मतदार. शेरा मारला 'स्थलांतरित', आणि वर धीरही दिला, "काळजी नको. आता त्याचं मत धुळ्याला."

"मंग जेलमा मशीन येस का?"

"सरकार सगळीकडे पोचतं, अक्का."

पुढे नाव कमी करण्याची नोटीस आली. अक्का ती घेऊन शाळेत आल्या. "काही नाही, असतात असले कागद," म्हणून मी ती परत दिली. त्यांनी ती देवाच्या फोटोमागे जपून ठेवली.

मुलगा जामिनावर सुटला त्याच आठवड्यात मी चावडीवर यादी मोठ्याने वाचत होतो. त्याच्या घरातलं आईचं नाव वाचलं आणि पुढच्या घरात शिरलो. मागून तो उठला.

"मनं नाव?"

मी माझं तर्कशास्त्र सगळ्या गावासमोर समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"कोर्टना निकाल आजून बाकी शे, गुरुजी. तुम्ही मात्र आधीच दी टाका."

लोक हसले. तो हसला नाही. "गावनी यादीमा मी ऱ्हावाले पायजे," एवढंच बोलून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तहसीलमधल्या साहेबांनी माझी शिकवणी घेतली. "आत असेपर्यंत मत देता येत नाही. पण नाव घरच्याच पत्त्यावर राहतं. जेल म्हणजे काय बदलीचं गाव वाटलं तुम्हाला?" जामिनावरचा माणूस मत देऊ शकतो, हेही मला तिथेच कळलं. नव्या अर्जाला चारच दिवस उरले होते. त्याचे कागद धुळ्याच्या वकिलाकडे, वकील जळगावला लग्नात. मी दोन्हीकडे धावलो. शेवटी पुरवणी यादीत नाव छापून आलं. अक्कांना वाचता येत नाही. कुठे आहे ते विचारून त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर मांडवात यादी घेऊन बसलो होतो. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, मत देऊन बाहेर पडला आणि शाईचं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"आते तुमनं दखाडा."

माझं बोट स्वच्छ होतं. माझं नाव धुळ्याच्या यादीत, आणि ड्यूटीवाल्यांनी टपाली मतासाठी अर्ज द्यायचा असतो. त्याची मुदतही नेमकी त्याच चार दिवसांत संपली होती, आणि माझा अर्ज धावपळीत पिशवीतच राहिला होता.

हे ऐकल्यावर मात्र तो पहिल्यांदा हसला. मग रांगेतल्या अक्कांना हाक मारून म्हणाला, "आई, घर जाशी तवय गुरुजीले चहा धाड. आज जेलमा गुरुजी शेतस."