विहिरीतलं तळं

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नागपुरात घासलेट मिळेनासं झालं होतं. घरोघरी कंदिलाच्या वाती खाली उतरवून लोक काम भागवत होते. मी तेव्हा कॉलेजच्या रसायनशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. एक दिवस दुपारी हुडकेश्वरकडचा एक शेतकरी खांद्यावर गोणपाटाचं गाठोडं घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"दगड तपासून देता का, बाई?"

त्यानं गाठोडं टेबलावर सोडलं. आत काळपट, पापुद्र्यांचे दगड होते. नखानं उचकटलं तरी पान सुटावं तसा पापुद्रा सुटत होता.

"विहीर खंदून राहिलो," तो म्हणाला. "वरचा काळा गोटा फोडता फोडता जीव गेला. त्याच्याखाली हा निंगाला. कारभारनीनं चुलीपाशी ठेवला, त पेटलाच नं! अन् वास कसा? कंदिलावानी."

मी एक पापुद्रा चिमट्यात धरून बर्नरवर नेला. आधी तडतडला, मग पिवळी, धुरकट ज्योत धरली. मी तशीच व्हरांड्यातून पळत भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले. ते वयानं वडिलांच्या जागी, अंगानं भरभक्कम, आणि त्यांचं हसणं तीन खोल्यांपलीकडे ऐकू जाई. त्यांनी एक दगड चाकूनं अलगद उघडला. आत करंगळीच्या नखाएवढी दगड झालेली गोगलगाय होती, शंखाच्या वळ्यांसकट.

"गोड्या पाण्यातली आहे ही," ते म्हणाले. "बाई, हा तळ्याचा गाळ आहे. याला शेल म्हणायचं."

मग त्यांनी शेतकऱ्याला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. फार फार पूर्वी त्याच्या वावरात तळं होतं. तळ्यातलं शेवाळ मरून तळाशी बसत गेलं, त्यावर चिखल बसत गेला. पाणी संथ, तळाशी हवा पोचत नव्हती, म्हणून ते शेवाळ कुजून गेलं नाही, तसंच दबून राहिलं. पुढे जमिनीतून उकळता रस आला, तळ्यावर पसरला आणि थिजला. तोच वरचा काळा दगड. आता हा शेल बंद भांड्यात तापवला तर त्यातून तेल सुटेल.

शेतकऱ्यानं दगड उचलून नाकाशी नेला. "म्हंजे माह्या वावरात तेलाची खाण हाये का, सायेब?"

"किती तेल सुटतं, थर किती जाड आहे, कुठवर पसरलाय, हे पाहिल्याशिवाय सांगत नाही," प्राध्यापक म्हणाले. "तुम्ही विहीर थांबवू नका."

लकडगंजातल्या एका लोहाराकडून आम्ही एका टोकाला बंद केलेलं जाड लोखंडी नळकांडं बनवून घेतलं. त्यात दगडाचा चुरा भरला, तोंडाला काचेची नळी बसवली, नळीवर ओलं फडकं गुंडाळलं आणि खालून जाळ लावला. आधी नळीखालच्या पेल्यात नुसतं पाणी आलं. मग पिवळट वाफ, आणि तिच्यासोबत असा उग्र वास की शेजारच्या वर्गातले मास्तर खिडक्या लावून घेऊ लागले. मी नळीवरून नजर हटवत नव्हते. अखेर तिच्या टोकाशी एक तपकिरी थेंब फुगला, पडला आणि पाण्यावर तरंगत राहिला. त्यामागून दुसरा.

"तेल!" मी ओरडले.

प्राध्यापकांनी आपली हॅट आनंदानं वर उडवली, ती कपाटामागे जाऊन पडली. ती काढायला नंतर आम्हाला कपाट सरकवावं लागलं.

पुढच्या रविवारी शेतकऱ्याची बैलगाडी आम्हाला न्यायला आली. विहिरीत उतरायला दोराला फळी बांधलेली होती. शेतकऱ्याच्या बायकोनं प्राध्यापकांना वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं.

"सायेब बसले त दोर तुटन," तिनं निकाल दिला.

प्राध्यापकच सगळ्यांत जोरानं हसले. मी पदर खोचला आणि फळीवर बसले.

"भिऊ नका वं बाई," ती म्हणाली, "दोर म्या धरला हाये."

भीती वाटली नाही असं कसं म्हणू? पण काळा दगड संपला आणि तो पापुद्र्यांचा थर समोर आला, तेव्हा मी सगळं विसरले. अंगावर सावली, हाताखाली गार दगड, एकावर एक बसलेल्या शेकडो बारीक रेघा. मी तळ्याच्या तळाशी बसले होते. थर चांगला छातीइतका होता. "जाड आहे!" मी खालून ओरडले आणि वरून टाळ्या ऐकू आल्या.

हिवाळाभर रविवारी आम्ही आसपासच्या विहिरी पाहत हिंडलो. कुणी काकडी द्यायचं, कुणी भाजलेला हरभरा. पूर्वेकडच्या विहिरीत थर गुडघ्याएवढा भरला. त्यापुढच्या विहिरीत वीतभर, तोही वाळू आणि फुटक्या शिंपल्यांनी भरलेला. आणि त्याच्याही पुढे नुसताच काळा दगड. त्या शेवटच्या विहिरीतून मी वर आले, तर प्राध्यापक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काठी रोवून उभे होते.

"म्हणजे काठ इथे होता," ते म्हणाले. "मागच्या विहिरीतले ते शिंपले लाटांनी काठाला आणून टाकले, बाई. आपण काठावर उभे आहोत."

समोर तुरीचं शेत वाऱ्यानं हलत होतं. मला खरोखर पाणी दिसलं.

पण हिशेब स्पष्ट होता. तळं लहान होतं. तेल सुटायचं ते इतकं थोडं की दगड तापवायला लागणारं लाकूडच महाग पडलं असतं. हे त्या नवरा-बायकोला सांगायला आम्ही बैलगाडीतून निघालो.

वावरात पाहतो तर गर्दी. शेतकरी चिखलानं नखशिखांत माखलेला, आणि दोन्ही हात वर करून नाचत होता.

"सायेब! पानी लागलं! त्या पापुद्र्याच्या खालचा गोटा फोडला, अन् झरा सुटला!"

प्राध्यापकांनी घसा साफ करून तेलाचं सांगितलं. शेतकरी हसत सुटला.

"तेल निंगालं असतं त सरकारनं वावर घेतलं असतं. आता म्या संत्रा लावतो. तुमी काहून तोंड पाडून राहिले?"

दुपारी भटजी आले आणि विहिरीची पूजा मांडली. शेतकऱ्याच्या बायकोला मात्र तेल पाहायचंच होतं. माझ्या पिशवीत त्या तेलाची लहान शिशी होती. तिनं विहिरीच्या पूजेच्या पणतीत ती पुरी ओतली आणि वात लावली. भसकन काळा धूर निघाला. पूजा सांगणाऱ्या भटजींनी उपरण्यानं नाक दाबलं, बायकांनी पदर लावले, आणि मग सगळ्या वावरात असं हसू पसरलं की मंत्र अर्धेच राहिले.

जेवायला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी होती. प्राध्यापकांनी तूप मागून मागून घेतलं. परतताना बैल सावकाश चालत होते.

"काम तर संपलं," मी म्हणाले. "आता रविवारी काय करायचं?"

"संपलं कसं?" ते म्हणाले. "पश्चिमेचा काठ पाहायचा राहिलाच आहे."

तेलासाठी त्या काठाचा काही उपयोग नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही गेलो.