हलकी टोपली

आमची मांजरी सोळा वर्षांची, आणि तिला दिवसभर माणूस लागतं. खायला काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. ती खाते तेव्हा कुणीतरी समोर बसलेलं पाहिजे. मी बशी ठेवून वळले की पाठोपाठ हाक येते. बशीपाशी परत गेले की दोन घास खाते. मी उठले की परत हाक.

मी घरी ब्लाउज शिवते. कापड बेतायला जमिनीवर पसरलं की बाईसाहेब बरोबर मधोमध येऊन बसतात. उचलून बाहेर ठेवलं की दारावर नखं. एकदा माझी कात्री चुकली आणि एका नवरीच्या ब्लाउजची बाही वाया गेली. त्या दिवशी मी तिला तोंडाला येईल ते बोलले. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की आजार काही नाही, म्हातारपण आहे, जरा जवळ बसत जा. बसत जा म्हणायला त्यांचं काय जातंय!

मांजरी खरी सासूबाईंची. त्या जाऊन दीड वर्ष झालं. शेवटच्या वर्षी त्याही अशाच खाटेवरून हाका मारायच्या. पाणी नको, औषध नको, नुसतं कुणी जवळ बसायला हवं. "बस गो मगे हय जरा," एवढंच. मी मशीनवरूनच "येतंय, येतंय" म्हणायची आणि शिलाई संपवायची. एक संपली की दुसरी असायचीच.

यंदा आमच्या आचऱ्यात गावपळण आली. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात जीव म्हणून एकही मागे ठेवायचा नाही. ते तीन दिवस गाव देवाचा.

निघायच्या सकाळी मी मांजरीला झाकणाच्या वेताच्या टोपलीत घातलं. तिने जो टाहो फोडला! भांडी बांधायची होती, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. जरा पाठीवर हात फिरवला तर गप्प होईल म्हणून झाकण उघडलं, तर ती उडी मारून थेट माळ्यावर. वर चढून हात घातला असता तर सापडली असती. मी चढले नाही. खालून दोनदा हाक मारली, तीही हळूच. मग बशीत माशाचा भात कालवला, पाण्याचं भांडं भरलं आणि रिकाम्या टोपलीचं झाकण सुंभाने घट्ट बांधलं. तीन दिवस कुणी हाक मारणार नाही, असं वाटून मला बरं वाटलं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं. नवऱ्याने टोपली उचलून टेम्पोत ठेवली आणि आम्ही निघालो.

वेशीबाहेरच्या माळावर माडाच्या विणलेल्या झापांच्या झोपड्या बांधल्या होत्या. तिथे पोचल्यावर झाकण उघडताच मांजरी पळाली, असं मी सगळ्यांना सांगितलं. गावपळणीत फार मजा असते. एकत्र चुली, फुगड्या, पत्ते, मुंबईहून आलेली पोरं. मी मात्र एका जागी बसेन तर शपथ. भाकरी थापताना मध्येच उठायची, वेशीच्या रस्त्यापर्यंत जायची आणि परत यायची. शेजारच्या काकींनी एकदा विचारलंच, तुमची मांजरी अजून दिसना नाय ती? येईल, म्हटलं.

चौथ्या दिवशी परतायचा कौल घ्यायला मानकरी गेले. बायकांनी गाठोडी बांधून ठेवली. दुपारी निरोप आला की कौल झाला नाही, आणखी एक दिवस राहायचं. असं कधीमधी होतं, कुणी मनाला लावून घेत नाही. मला मात्र माळ्यावर मागे ठेवलेला तो एक जीव आठवला. माझ्यामुळेच, दुसरं काय? आणि ती बशी तर एका दिवसाची होती.

नवरा गुरांना पाणी दाखवत होता. मी त्याच्याजवळ जाऊन सांगून टाकलं, "मांजरी घरात आसा. रिकामीच टोपली बांधलंय मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "माका ठावक आसा," तो म्हणाला. "उचललंय तेवाच हलकी लागली."

मग का बोलला नाहीस, असं मी विचारलं नाही. त्यालाही तीन दिवस शांतता हवी होती. त्याची आई हाका मारायची तेव्हाही तो आधी बाजारात जाऊन यायचा.

पाचव्या दिवशी कौल झाला. टेम्पो अंगणात उभा राहायच्या आत मी कुलूप काढलं. मांजरी मशीनवर, अर्धवट ब्लाउजवर बसली होती. अंगाची नुसती काठी झालेली. पाणी संपलं होतं. भात बशीत होता तसाच, वाळून कडक, वरून मुंग्यांची रांग. शितालाही तोंड लावलेलं नव्हतं. मला बघून तिने तोंड उघडलं, पण हाक फुटली नाही.

मी पिशवीतला ताजा भात दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवला आणि जमिनीवर बसले. ती एक घास खायची, मान वर करून मी आहे ना बघायची, मग दुसरा घास. फार वेळ लागत होता. बाहेरून नवऱ्याने सामान उतरवायला हाक मारली. "येतंय" तोंडापर्यंत आलं होतं, ते मी गिळलं. समोरच भिंतीला लावून उभी केलेली सासूबाईंची खाट होती. तिच्याजवळ मी इतका वेळ एकदाही बसले नव्हते.

थोड्या वेळाने नवरा आत आला. आमच्याकडे बघत उभा राहिला, मग माझ्या शेजारी बसला. सामान संध्याकाळपर्यंत टेम्पोतच राहिलं.