अंगणातलं स्लॉट मशीन

आमच्या अंगणात एकदा कॅसिनो भरला होता… खरंच सांगते. ऐंशीच्या दशकातला मे महिना, मालवण, आणि आमचे हे बोटीवरून रजेवर आलेले.

हे एका परदेशी प्रवासी बोटीवर मेकॅनिक होते. इंजिनाचे नव्हे, बोटीवरच्या कॅसिनोतल्या स्लॉट मशीनचे. नाणं टाकून दांडा ओढायचा, तीन चाकं फिरतात, चित्रं जुळली तर नाणी खळखळत बाहेर… ती मशीन बिघडली की उघडून दुरुस्त करायची, हे यांचं काम.

घरात मात्र या कामाचं नाव निघत नसे. माझे सासरे, मामंजी, भजनी बुवा. मुलगा जुगाराच्या यंत्रांवर पोट भरतो हे त्यांना फार लागलं होतं. कुणी विचारलं तर "बोटीर आसा" एवढंच म्हणून बाजाची पेटी जवळ ओढायचे.

त्या दिवशी शेजारच्या सुमनकाकी आल्या, सोबत त्यांचा मुलगा दिगू. त्याला बोटीच्या किचनमध्ये नोकरी लागली होती, आठवड्याभरात निघायचं होतं. काकींचा चेहरा उतरलेला.

"माझ्या भावाच्या झिलान पयलो पगार त्या मशिनात घातलो. आता हो चल्लो… ह्येका जरा समजाव रे बाबा."

मामेभावाची ती गोष्ट ऐकून दिगू खाली मान घालून हसत होता. ह्यांनी ते हसू पाहिलं आणि म्हणाले, "नुसता सांगान काय उपेग नाय. करून दाखवतंय."

मग काय… मिल्क पावडरचे तीन रिकामे डबे, मोडक्या छत्रीची काडी आणि एक पुठ्ठा. डबे आडवे काडीत ओवले, समोर पुठ्ठ्याला तीन ओळी दिसतील एवढी खिडकी कापली. डब्यांवर चित्रं मी रंगवली, हे सांगतील तिथे, सांगतील ते: नारळ, आंबा, घंटा आणि बांगडा. माझा बांगडा पाहून काकीसुद्धा हसल्या.

नाण्यांऐवजी काजूच्या बिया. दिगूला ओंजळभर दिल्या आणि खेळ सुरू झाला… बघता बघता अर्धी वाडी अंगणात.

"आधी मशीन खयचा ता बघूचा," हे म्हणाले. काही मशीनवर फक्त मधली ओळ धरतात. काहींवर तीन ओळी असतात, पण जितक्या ओळींचं नाणं टाकाल तितक्याच तुमच्या. दिगूने एकच बी टाकली आणि तीन घंटा जुळल्या वरच्या ओळीत! तो नाचायला लागला, तर हे शांतपणे म्हणाले, "ती ओळ तुझी नाय. तिचे पैशे तू दिलंसच खंय?"

मग मोठ्या बक्षिसाचं मशीन. त्यावर वर एक आकडा असतो, सगळ्यांच्या नाण्यांनी तो फुगत जातो आणि माणसाला तिथेच बांधून ठेवतो. तीन नारळ आले की सगळ्या बिया खेळणाऱ्याच्या, असं ठरलं.

दिगूला दोन नारळ आले. पुन्हा दोन… पुन्हा दोन, आणि तिसरा अगदी ओळीच्या वर अडकलेला. "हुकलो रे थोडक्यात! आता येतलोच!" तो ओरडला. माझेही हात आवळले गेले होते, खोटं कशाला बोलू.

ह्यांनी पुठ्ठा बाजूला केला आणि तिन्ही डबे सावकाश फिरवून दाखवले. पहिल्यावर बहुतेक नारळच, दुसऱ्यावर दोन-तीन… आणि तिसऱ्यावर फक्त एक. "थोडक्यात नाय हुकलो, दिगू. तो हुकूचो म्हणानच असो बसवलेलो आसा. आणि मघाशी नाय इलो म्हणान आता येतलो, असा मशिनाक काय आठवत नसता."

दिगूचं हसू गेलं.

तेवढ्यात ओसरीवरून मामंजी उठून आले. इतका वेळ पाठ फिरवून बसले होते… ते सरळ पाटावर बसले, बिया मागून घेतल्या आणि खेळायला लागले. शेवटची बी जाईपर्यंत उठले नाहीत.

"खऱ्या मशिनात आत काय आसता, ता सगळा तुका म्हायत?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"सगळा. उघडून परत जोडतंय."

"आणि तू खेळतंस?"

"आत काय आसा ता रोज बघतंय, बाबा. कित्याक खेळू?"

संध्याकाळी भजनाची मंडळी जमली, त्यातल्या एकाने डब्यांकडे बघत खोचकपणे विचारलं, "बुवा, झील नेमको काय करता हो बोटीर?" माझ्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला.

"कॅसिनोतली मशिनां दुरुस्त करता," मामंजी खणखणीत आवाजात म्हणाले. "बस हयसर. ती माणसाक कशी नागवतत ता माझ्या झिलाकडसून शिकलंय, तुका दाखवतंय."

आणि त्या दिवशी भजन उशिरा सुरू झालं… बुवा मंडळींना ओळी समजावत होते, चुकले की मुलाला विचारत होते. भजन सुरू झालं तेव्हा हे विहिरीजवळ उभे होते, पाठमोरे. कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

दिगू पहिल्या रजेवर आला तो आधी आमच्याकडे. खेळला होता, एकदाच. "तीन ओळींचा होता काका, वर लिवलेला वाचलंय, ठरवलेली नाणी टाकलंय… आणि उठलंय." काकींनी दारातूनच ह्यांना हात जोडले.

कुणाचं काम वरवर काय दिसतं आणि ते करणारा माणूस त्यातून काय शिकलेला असतो… केवढं अंतर असतं दोन्हींत. आमचे हे आज नाहीत. पण ते काय करायचे असं कुणी विचारलं की मी सगळं नीट, सविस्तर सांगते… आणि माझा आवाज जरा मोठाच लागतो.