कादंबरीवाली आक्का

आठवडी बाजारात आक्का पुस्तकं विकायला बसायची ती सुक्या मिरच्या आणि लसूण विकणाऱ्या बायकांच्या ओळीत. खाली पोतं, पोत्यावर जुनी चादर आणि चादरीवर स्वतः लिहिलेल्या कादंबऱ्या नीट मांडलेल्या. टेबल नाही, खुर्ची नाही, बॅनर तर नाहीच नाही. बाजार भरला की ती चष्मा चढवायची आणि सरळ मोठ्यानं वाचायला लागायची. आवाज असा खणखणीत, की पलीकडचा भांडीवाला ओरडायचं थांबून कान देऊन ऐकायचा. गोष्ट ऐन मोक्यावर यायची, म्हणजे नवरा दारात उभा आणि बायको माळ्यावर लपलेली, की आक्का पुस्तक फाट्‌कन मिटायची आणि शेजारणीकडं सुपारी मागायची.

"आगं बाई, पुढं काय झालं?" कुणीतरी विचारायचंच.

"पुढं? पुढं पुस्तकात हाय की! घे आन् बघ."

मिरच्यांना आलेली बाई कादंबरी घेऊन घरी जायची. हा तमाशा मी रेणापूरला पाहिलाय, देवणीला पाहिलाय, आणि एकदा हिमायतनगरच्या बाजारात तर हसून हसून मला ठसका लागला होता. मोठमोठ्या लेखकांना लोक भेटायला जातात म्हणे. आमची आक्का वाचकाला बाजारात गाठायची आणि त्याला सोडायची नाही.

मी सत्तार. लातुरात आमचा पिढीजात छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक लागली की पत्रकं, यावर आमचं घर चालतं. कादंबरी छापायची अवदसा आमच्या खानदानात कुणाला आठवली नव्हती, ती आक्कामुळं माझ्या नशिबी आली. आम्ही एका गल्लीत वाढलो. ती माझ्याहून मोठी, त्यामुळं लहानपणी माझा कान धरायची आणि माझे केस पिकल्यावरही तो हक्क तिनं सोडला नव्हता. तहसील कचेरीतून निवृत्त झाली आणि लगेच तिनं कागदांचा एक गठ्ठा आणून माझ्या टेबलावर आदळला.

"सत्तार, हे छाप."

"आक्का, ह्या कामाला पुण्या-मुंबईचे प्रकाशक असतात गं."

"पाठवलं हुतं त्यांना. म्हणले, भाषा सुधारा. मी कळवलं, माझी भाषा ठणठणीत हाय, तुमची तब्येत सांभाळा."

तेव्हापासून आक्का स्वतःच लेखक, स्वतःच प्रकाशक आणि स्वतःच हमाल. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की म्हणायची, "माझ्या पुस्तकांत एवढी लग्नं लावून राहिले, आनखी किती लावू?"

तिची दिवसाची मांडणी ठरलेली होती. सकाळ लिहिण्याची. त्या वेळात राष्ट्रपती दारात आले असते तरी तिनं त्यांना ओट्यावर बसवलं असतं. दुपारनंतर विक्री, स्कूटीच्या पुढं गठ्ठा ठेवून. आणि महिन्यातून एखाद-दुसरा दिवस असा, की त्या दिवशी काहीही करायचं नाही. मग ती माझ्या बायकोला, रेहानाला, घेऊन नांदेडला पळायची. दोघी सिनेमा बघायच्या, बांगड्या भरायच्या, बिर्याणी चापायच्या आणि गोदावरीच्या घाटावर पाय सोडून बसायच्या. घरी येईपर्यंत आवाज बसलेले. मी एकदा कुरकुरलो, की लग्नसराईचे दिवस आहेत, घरात माणूस लागतं. आक्का म्हणाली, "तू दुसऱ्यांची लग्नं छाप. तुझ्या बायकूला जरा हवा खाऊ दे." वर मलाच समजावून सांगितलं, की लिहिणारं माणूस हसलं-खिदळलं नाही तर त्याच्या पुस्तकातली माणसं सुकून जातात. रेहानानं मान डोलावली. घरात माझं काय चालणार?

वाचक तिला खूप होते, पण ती भ्यायची एकीलाच. देवणीच्या शांताबाई. तिथं त्यांचं किराणा दुकान, आणि गिऱ्हाईक नसलं की त्या वाचत बसायच्या. तिसरी कादंबरी वाचून त्यांनी भरबाजारात आक्काला धरलं. "सून सासूला इतक्या लौकर माफ करती व्हय गं? कुठल्या गावची सून हाय ही?" आक्काला दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्याची खैर नव्हती. इथं मात्र तिनं सगळं ऐकून घेतलं आणि परतताना मला म्हणाली, "सत्तार, बाई खरं बोलून राहिली. मला शेवट उरकायची घाई झाली हुती." पुढं नवं पुस्तक झालं की पहिली प्रत देवणीला, हा नियमच पडला.

असं सगळं झकास चाललं होतं. मग बाजारातलं तिचं वाचन कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि दिलं सोडून. झालं! गावोगावची बोलावणी सुरू झाली. आज कॉलेजचं स्नेहसंमेलन, उद्या महिला मंडळ, परवा साडीच्या दुकानाचं उद्‌घाटन. आक्का बोलायची भन्नाट, लोक हसून लोळायचे. शाली इतक्या साठल्या की गल्लीतली सगळी म्हातारी माणसं त्या हिवाळ्यात भारी शाली पांघरून फिरत होती. नारळांचं तर विचारू नका. रेहाना रोज खोबऱ्याची चटणी वाटायची आणि मी रोज खायचो.

आक्काला हे आवडलं होतं, का आवडू नये? इतकी वर्षं पोत्यावर बसलेली बाई स्टेजवर बसली, तर आनंद होणारच. पण पाचवी कादंबरी जागेवर अडकली. तिच्यातली बाई भरला संसार सोडून पिशवी घेऊन बसस्टँडवर येऊन बसली होती. ती गाडीत चढते की घरी परत जाते, एवढं एकच प्रकरण राहिलं होतं. आधीची सगळी पानं मी छापायला जुळवून ठेवली होती. आठवडे गेले, महिने गेले. सकाळचं लिहिणं सुटलं, कारण सकाळी फोन यायचे. नांदेडही सुटलं. रेहाना नवी साडी नेसून वाट बघायची आणि आक्काचा निरोप यायचा, आज कार्यक्रम आहे.

शेवटी माझं डोकं सरकलं. "आक्का, ती बाई वर्षभर स्टँडवर बसून हाय. तिला भूक-तहान हाय का न्हाई?"

"लिहिते की. लई कामं असतात रे."

"कसली कामं? तू आता लेखक राहिली न्हाईस, तू कार्यक्रम झालीस."

भरलेला चहाचा कप तसाच ठेवून ती निघून गेली. मला फार वाईट वाटलं, पण बोललो ते खरं होतं, म्हणून मीही मनवायला गेलो नाही.

पुन्हा आली ती थेट हुकूम घेऊनच. येळवशीला, रेणापूरला तिच्या भावाच्या शेतात, नव्या कादंबरीचं प्रकाशन. कुठल्याशा व्यासपीठावर टाळ्यांच्या भरात ती जाहीर करून बसली होती. आमच्याकडं येळवस म्हणजे वेळ अमावस्येला लातूर ओस पडतं. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. आमचं खानदान पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ना कुणाच्या शेतात भज्जी, म्हणजे त्या दिवशीची पालेभाज्या-शेंगांची मिसळ भाजी, खात आलंय. माणसं जमवायला याहून चांगला दिवस नाही, हे खरं. पण पुस्तक कुठं होतं?

"तवर कव्हर छाप," आक्का म्हणाली.

कव्हर छापलं. येळवस तोंडावर आली आणि प्रकरणाचा पत्ता नाही. तेव्हा तिनं डाव सांगितला. जुन्या कादंबरीवर नवं कव्हर चढवायचं, रंगीत कागदात गुंडाळायचं, फोटो काढायचे आणि पुस्तकं मागून देऊ म्हणायचं. हे आमच्या धंद्यात सर्रास चालतं. पाहुणे फीत सोडतात, पुस्तक छातीशी धरतात, आत काय आहे ते कुणी बघत नाही. तरी मी साफ नकार दिला. आक्का कव्हरं उचलून घेऊन गेली आणि घरी बसून स्वतःच्या हातानं चिकटवली.

येळवशीला शेतात ही गर्दी! कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा झाली, आंबिलीची मडकी आली, भज्जीचा वास सुटला. प्रमुख पाहुणे म्हणून एक प्राचार्य आले होते. त्यांनी कागद सोडला, पुस्तक उंच धरलं, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. प्राचार्यांनी पुस्तक खाली ठेवलं मात्र, पुढंच बसलेल्या शांताबाईंनी ते उचललं. चष्मा पुसला, पान उलटलं, दुसरं उलटलं.

"आगं, ही तर मागली कादंबरी हाय!"

सगळ्या माना आधी आक्काकडं, मग माझ्याकडं वळल्या. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मला कळलं. 'छापखान्याची गडबड झाली' एवढं एक वाक्य ती बोलली असती, तर सगळे हसले असते आणि विषय संपला असता. खरं सांगतो, मी मान डोलवायला तयार होतो. तिची इज्जत जाण्यापेक्षा माझ्या छापखान्याची गेलेली परवडली.

आक्का उठून उभी राहिली. "सत्तारकडं बघू नका, त्याची चूक न्हाई. त्यानं न्हाई म्हणलं हुतं. कादंबरी झालीच न्हाई. मी वर्षभर बोलून राहिले आन् लिहिलं काईच न्हाई. तुमाला खोटं पुस्तक दाखवलं." आवाज बाजारातल्यासारखाच खणखणीत होता. "आता जेवून घ्या. जेवण खरं हाय."

कुणी हसलं नाही. शांताबाईंनी पुस्तक मिटलं. "मंग लिही की. आमी काय पळून चाललोय? पर पुन्हा असं करू नगंस." आणि त्यांनीच पहिलं ताट वाढून आक्काच्या हातात दिलं. आक्का जेवली, पोटभर जेवली. मला ती त्या दिवशी जेवढी मोठी वाटली तेवढी कुठल्याच स्टेजवर वाटली नव्हती.

दुसऱ्या सकाळी तिनं मोबाइल आणून रेहानाकडं दिला. "कुनी इचारलं तर सांग, आक्का कामात हाय." त्यानंतर रेहाना लोकांना अशा काही थाटात नकार द्यायची, की मंत्र्याच्या सेक्रेटरीनं झक मारावी. आक्का पुन्हा सकाळी लिहायला लागली. लिहायची, फाडायची, पुन्हा लिहायची. दोघी पुन्हा नांदेडला जायला लागल्या. उन्हाळा तापला तेव्हा प्रकरण माझ्या टेबलावर आलं. आम्ही छापखानेवाले अक्षरं बघतो, गोष्ट बघत नाही. त्या दिवशी मी जुळणी सोडून नुसता वाचत बसलो, आणि लग्नपत्रिका छापायला आलेलं एक घराणं समोर ताटकळत राहिलं. त्या बाईचं काय झालं ते मी सांगणार नाही. पुस्तक मिळतं, घेऊन वाचा.

या खेपेला प्रकाशन नाही, पाहुणे नाहीत. पहिली प्रत घेऊन आम्ही दोघं एसटीनं देवणीला गेलो. शांताबाईंनी प्रत घेतली, आम्हाला बाहेरच्या फळीवर बसवलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत पोत्यांत वाचत बसल्या. गिऱ्हाइकं आली की आक्काच त्यांना परत पाठवायची, "दुकान बंद हाय, मालकीन माझी परीक्षा घेऊन राहिली." बोलायची थट्टेनं, पण पदराचं टोक पिळून पिळून दोरी झालं होतं. हजार माणसांपुढं न डगमगणारी आक्का एका किराणा दुकानापुढं घामाघूम झाली होती.

ऊन कलल्यावर शटर वर गेलं. शांताबाईंचे डोळे लाल.

"लई दिवस लावलेस बाई," त्या म्हणाल्या. "पर ह्या शेवटासाठी मी आनखी थांबले असते."

आक्का शांताबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत राहिली, आणि मी उगाच साखरेच्या पोत्यावरचं नाव वाचत बसलो.

पुढच्याच वर्षी आक्का गेली. दुपारी जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. सहावी कादंबरी अर्धी झाली होती. एका मोठ्या प्रकाशकाचा मला फोन आला. त्यांच्याकडं चांगले लिहिणारे आहेत, उरलेली ते पुरी करतील, नाव आक्काचंच राहील, कुणाला कळणारही नाही. माणूस अदबीनं बोलत होता. रेणापूरचा भाऊही म्हणाला, द्या, बहिणीचं नाव होईल. मी नाही म्हटलं. चारचौघांत उभं राहून जे तिनं कबूल केलं होतं, ते ऐकलेला माणूस मी. तिच्या नावावर पुन्हा खोटं पुस्तक निघणार असेल, तर ते माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

कादंबरी होती तेवढी छापली. एका वाक्याच्या मध्येच ती थांबते. मी तिथं पूर्णविरामसुद्धा दिला नाही. पहिली प्रत घेऊन एकटाच देवणीला गेलो. शांताबाईंनी दुकान उघडं ठेवूनच वाचली. शेवटच्या पानावर आल्या, ते उलटलं, पुढं कोरं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"इथंच?"

"हाव बाई. इथपत्तरच लिहिलं हुतं तिनं. आपण काई जोडलं न्हाई."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"बरं केलंस सत्तार," त्या म्हणाल्या. आणि मग गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात आम्ही दोघं म्हातारी माणसं मोठ्यानं रडलो.