बेबीचा अर्धा वाटा

आमच्या बेबीने चाळिशी कधीच ओलांडली, तरी ती बेबीच. खरं नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी फादरांनी एकदा घेतलं, नंतर ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. डॉक्टरांनी तिच्या बुद्धीच्या वाढीबद्दल लांबलचक शब्द सांगितले होते. आईने त्यांचा अर्थ एवढाच लावला, की ही पोर जन्मभर कुणाचा तरी हात धरून चालणार. तो हात माझा, थोरल्या बहिणीचा. यावरून मला कुणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

माझं धुलाईचं दुकान आहे आणि बेबी तिथे काम करते, आयतं बसून खात नाही. मोठी चादर एकट्याने घडी करायची गोष्टच नाही. दोन टोकं मी धरते, दोन ती. झटकायची, ताणायची, मग ती आपली टोकं घेऊन चालत माझ्यापर्यंत येते आणि माझ्या हातात देते. चर्चमधल्या वेदीवरची पांढरी वस्त्रंसुद्धा आमच्याकडेच येतात. त्यांवर मेणबत्त्यांचं मेण सांडलेलं असतं. बेबी ते नखाने हळूहळू खरवडते, मग मी वर कागद ठेवून इस्त्री फिरवते.

आईचा घरात एकच कायदा होता: जे येईल त्याचे दोन भाग. सफरचंद असो की पावाचा शेवटचा तुकडा. आम्ही दोघी भांडू नये म्हणून तिने तो काढला. मी तो कधीच मोडीत काढला, बेबीने नाही. हातात खायला काही आलं की ती आधी मोडते, अर्धं मला देते, आणि मी तोंडात घातल्याशिवाय स्वतःचं खात नाही.

बेबी लहान असताना आईने तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे वेदीसमोर रांगेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या चकतीचा, विषय काढला होता. तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, “हिला काय कळणार त्यातलं? ही देवाची लेकरं, अशीच स्वर्गात जातील.” आईने मान खाली घातली आणि मरेपर्यंत ती वर केली नाही. मला ते कधी पटलं नाही. वर जागा राखीव आणि इथे रांगेत उभं राहायची बंदी, हा कुठला न्याय?

नवे फादर आले तेव्हा मी पुन्हा गेले. त्यांनी बेबीला समोर बसवून विचारलं, “हा प्रसाद कुणाचा?” बेबीने क्रूसाकडे बोट दाखवलं. “आणि कुणासाठी?” ती म्हणाली, “ताई. बेबी.” फादर हसले आणि हो म्हणाले.

दुकान बंद झाल्यावर आम्ही बिस्किटांवर सराव करायचो. ओंजळ पुढे करायची, आमेन म्हणायचं, खायचं. बेबी दरवेळी बिस्किट मोडायची, अर्धं मला द्यायची, मी खायचे. यात काही अडचण आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर जे चालत आलंय ते कुणाला दिसतं?

त्या रविवारी मात्र सगळ्या चर्चला दिसलं. फादरांनी बेबीच्या तळहातावर ख्रिस्तप्रसाद ठेवला. तिने तो कट्‌कन मोडला आणि अर्धा मला द्यायला वळली. माझा हात गडबडला, आणि ज्याला ख्रिस्ताचं शरीर मानतात तो तुकडा फरशीवर पडला. मागून कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. फादरांनी वाकून तुकडा उचलला. त्यांचे कान लाल झाले होते.

मिस्सा, रविवारची उपासना, संपल्यावर चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष आले. निवृत्त हेडमास्तर, नाकाने कांदे सोलण्यात पटाईत.

“तुमच्या भगिनीबद्दल आम्हाला आदरच आहे,” ते म्हणाले. “पण मागे ती काचेची खोली आहे ना, रडणाऱ्या बाळांसाठी केलेली? तिथे सगळं दिसतं, ऐकूही येतं. तिला तिथे जरा मोकळं वाटेल.”

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?” मी म्हटलं. “तुम्हाला मोकळं वाटेल. वेदीवरचं वस्त्र हिच्या हातचं चालतं, आणि वेदीसमोर ही नको?”

“प्रश्न पावित्र्याचा आहे, बाई. फार तर तिने तो जिभेवर घ्यावा.”

दातांच्या डॉक्टराकडे एकदा चौघांनी धरल्यापासून बेबी परक्या हातासमोर तोंड उघडत नाही. हे मी सांगितलं. ते म्हणाले, मग आशीर्वादावर समाधान मानावं.

फादर माणूस चांगला, पण चांगल्या माणसांना कमिटीची भीती जरा जास्तच असते. पुढच्या रविवारी त्यांनी बेबीच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रसाद माझ्यापुढे धरला. मी हात मागे बांधले. “हिला नाही, तर मलाही नको,” मी म्हटलं आणि बाकावर परतले. तेव्हापासून दर रविवारी हेच. आम्ही रांगेत उभ्या राहायचो, पुढे जायचो, रिकाम्या परतायचो. कुणी भांडखोर म्हणालं, कुणी गर्विष्ठ. म्हणोत बापडे. काचेच्या खोलीत मात्र आम्ही पाऊल टाकलं नाही.

घरी येऊन बेबी ओंजळ पुढे करायची आणि विचारायची, “बेबीचं?” मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मला राग यायचा, आणि त्या रागाच्या जोरावर मी पुढच्या रविवारी पुन्हा रांगेत उभी राहायचे.

शेवटी फादर दुकानात आले. मी इस्त्रीच्या टेबलावरच चहा-बिस्किटं ठेवली. ते म्हणाले, “थोडे दिवस, लोकांचं मन निवेपर्यंत, काचेच्या खोलीत बसा. माझ्यासाठी तरी.”

मी तोंड उघडणार तोच बेबीने बशीतलं बिस्किट मोडलं आणि अर्धं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बशीत ठेवलं आणि पुढे बोलू लागले. बेबी आपलं अर्धं हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. चहावर साय धरली.

“फादर,” मी म्हटलं, “ती तुमच्यासाठी थांबलीय.”

त्यांनी बिस्किट उचलून खाल्लं. मग बेबीने खाल्लं.

“नेहमी असंच?” त्यांनी विचारलं.

“जन्मभर. एकटीने खायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नाही. आता मीही शिकवणार नाही.”

काचेच्या खोलीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पण कसलं आश्वासनही न देता निघून गेले.

रविवारी आम्ही रांगेत उभ्या होतो, हेडमास्तर बरोबर आमच्या मागे. मी सवयीने हात मागे बांधले होते. फादरांनी एक ख्रिस्तप्रसाद उचलला, बेबीच्या डोळ्यांसमोर धरला आणि स्वतः मोडला. अर्धा तिच्या तळहातावर ठेवला, अर्धा माझ्यापुढे धरला. “ख्रिस्ताचं शरीर,” ते म्हणाले, दोघींना मिळून एकदाच.

माझे हात सुटले. मी आमेन म्हणून माझा अर्धा घेतला आणि तोंडात घातला. बेबीने मी गिळेपर्यंत वाट पाहिली, मग आपला वाटा खाल्ला आणि “आमेन” म्हणाली. उशिरा म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने, की काचेच्या खोलीतलं एक तान्हं बाळ दचकून रडू लागलं. मागे वळून पाहणाऱ्यांकडे मीही वळून पाहिलं. हेडमास्तरांनी खाली बघत ओंजळ पुढे केली.

आम्ही दोघी मधल्या वाटेने, मुद्दाम सावकाश, पहिल्या बाकावर जाऊन बसलो.