खालून न बघितलेली जीप

हे मी पहिल्यांदाच बोलतोय. बायकोला ठाऊक नाही, आक्काला तर नाहीच नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्याला, महादेवला, अजूनही माहीत नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बसलो की जीभ उचलतच नाही.

आमच्या पाहुण्यारावळ्यांत कुणाला जुनी डिझेल जीप घ्यायची असली की आधी मला फोन येतो. मी मेकॅनिक नाही. कोल्हापुरात स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, एवढंच. पण पार्टची नावं तोंडपाठ, बोलायला पक्का, त्यामुळे मी जाणकार ठरलो. आमच्याकडं जुनी गाडी बघायला कुणी एकटा जात नाही. जाणकार बरोबर न्यायचा. त्यानं मान हलवली की व्यवहार पक्का, आणि चाकापुढं नारळही त्याच्याच हातानं फोडायचा. तो नारळ फोडताना छाती किती फुगते, काय सांगू!

आणि मी सांगतो ते खोटं नसतं, बरं का. सकाळी जा, मालकाला आधी न कळवता. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा, आत्ता कुठं फिरवून आणली? थंड इंजिन एका दमात सुरू झालं पाहिजे. धूर बघा. निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर घरी या. ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. ते थडथड उडायला लागलं तर इंजिनचं काम निघालंच. चारी चाकं ओढतात का, ते डांबरी रस्त्यावर नाही, मातीच्या चढावर बघा. आणि मग खाली पोतं टाका, पाठीवर झोपा, चेसिसवरून, म्हणजे गाडी जिच्यावर उभी असते त्या लोखंडी सांगाड्यावरून, हात फिरवा. जुन्या गाडीला खालून नवा काळा रंग दिसला तर आधी संशय घ्या. पान्यानं ठोकून बघा. हे शेवटचं मी प्रत्येकाला दोन-दोनदा सांगतो. लोक म्हणतात, काय बारीक नजर आहे! ही नजर कधी आली, ते मात्र कुणी विचारत नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, मलकापूरच्या पलीकडं डोंगरात दिलेली. दाजींचा दुधाचा धंदा. वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करायचं, डेअरीला घालायचं. पावसाळ्यात त्या वाटांवर साधी गाडी चढत नाही, म्हणून त्यांना चारी चाकं ओढणारी जीप हवी होती. हातकणंगल्याला एका कंत्राटदाराकडं होती. दाजी म्हणाले, "पावणं, तुमी बगून सांगा. तुमी व्हय म्हटलं की मी डोळं झाकून घेतो."

डोळे झाकून. तसंच म्हणाले ते.

त्या दिवशी मी पांढरीशुभ्र पँट आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. कारण तिथून दुपारी कबनूरला मुलगी बघायला जायचं होतं. हो, तीच मुलगी आज माझी बायको आहे. कंत्राटदाराच्या आवारात ऑइल, चिखल, सगळा राडा. मी बॉनेटवर हात ठेवला, धूर बघितला, झाकण उडतं का बघितलं, चढावर चालवली. सगळं उत्तम. भोवती पाच-सहा माणसं जमलेली, मी बोलतोय आणि ती ऐकतायत. राहिलं फक्त खाली झोपायचं. पोतंही पडलेलं होतं तिथं, ऑइलनं काळं झालेलं.

मी काय केलं? गुडघे न टेकता थोडासा वाकलो. खाली काळं दिसलं. चकचकीत काळं. ते नवं होतं, हे मला दिसलं. दिसलं नाही असं मी आता म्हणणार नाही. मनात एकदा आलंसुद्धा की झोपावं. मग शर्टाकडं बघितलं.

दाजींनी विचारलं, "खालनं बगितलं न्हवं?"

"व्हय की! चेसिस एकदम कडक हाय."

नारळ मीच फोडला.

आता वाटेल, शर्टापायी एवढं? मलाही वाटतं. पण इथवर असतं तर मी ते कधीतरी बोललो असतो, हसत हसतसुद्धा. मूर्खपणा झाला म्हणून मोकळा झालो असतो. खरं सांगायचं आहे ते पुढंच आहे. आणि तिथं आलो की मी असा रेंगाळतो.

जीप महादेव चालवायचा. दाजींचा धाकटा भाऊ. त्याच्यासारखा सांभाळून गाडी हाकणारा माणूस मी बघितला नाही. बैल आडवा आला तर हॉर्न न वाजवता थांबायचा. त्याला घाटात मोठी गाडी चालवायची होती, लायसन्सही काढलेलं. पहिल्याच पावसाळ्यात गावाच्या खालच्या उतारावर जीप मागून बसली आणि कडेच्या चरीत जाऊन रुतली. दुधाचे कॅन मागं बसलेल्या दाजींच्या पायावर आले. पाय वाचला, पण वाकडा जुळला. दाजी आजही त्या पायानं लंगडतात. महादेवला खरचटलंसुद्धा नाही, आणि गावाला तेच खुपलं.

मी पोचलो तेव्हा जीप चरीतच होती. त्या दिवशी मी खाली झोपलो, चिखलात, पाठीवर. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ चेसिस तुटली होती. तुटलेल्या कडेवर बहुतेक सगळा जुना गंज, एवढीशीच रेघ ताजी, चमकणारी. वेल्डिंग करून वर रंग मारलेला. ती आधीच मोडलेली होती. पोरानंसुद्धा ओळखलं असतं, फक्त खाली जायला हवं होतं.

बाहेर आलो. सगळा गाव उभा. दाजींचे वडील म्हणाले, "काय झालतं?" महादेव माझ्याकडं बघत होता. काय आशेनं बघत होता! त्याला वाटलं, हा जाणकार आहे, हा सांगेल.

मी म्हणालो, "गाडी मी खालनं बगितलेली. अशी चेसिस मोडत न्हाय. खड्ड्यात दामटल्याशिवाय न्हाय."

महादेव भांडला असता तर? ओरडला असता तर? तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं, कदाचित नसतंही. पण तो भांडला नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "असंल. मागं एक खड्डा लागलता खरा." त्यानं माझ्या शब्दावर स्वतःला दोषी धरलं. आणि मी? मी तिथंच सुचवलं की ही आता भंगारातच घाला, दुरुस्तीच्या नादाला लागू नका. लवकर घाला. कुणी दुसऱ्यानं खाली वाकून बघायच्या आत, हे मनात.

महादेवनं पुन्हा गाडीला हात लावला नाही. वडील त्याच्याशी धड बोलेनात. मग मी सासऱ्यांच्या ओळखीनं त्याला कबनूरला यंत्रमागावर लावलं. आक्का डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, माझ्या भावानं माझ्या दिराचा संसार उभा केला. अजूनही म्हणते, चारचौघांत. मी मान खाली घालतो, तर लोकांना तो माझा विनय वाटतो. काय करायचं याचं? जेवताना आठवतं, काउंटरवर आठवतं. गिऱ्हाईक पार्ट मागतं आणि मी दुसराच काढून देतो.

गेल्या महिन्यात महादेवचा फोन आला. त्याची मुलगी जनावरांची डॉक्टर झालीय आणि तिची नेमणूक त्याच डोंगराच्या बाजूला आहे. तिला जुनी डिझेल जीप घ्यायची होती. "पावणं, तुमी बगितल्याशिवाय घेणार न्हाय," म्हणाला.

गेलो. जुना शर्ट घालून गेलो. जवळजवळ तासभर खाली पडून होतो. चेसिस सगळी ठोकली, एकेक जोड बोटानं चाचपला. गाडी चांगली होती, खरोखर चांगली. बाहेर येऊन तसं सांगितलं. पोरगी खूश झाली, किल्ली बापापुढं धरून म्हणाली, "पप्पा, एक चक्कर मारा की."

त्यानं दोन्ही हात मागं घेतले. "नगं बाई. माज्या हातात गाडी टिकत न्हाय." सहज म्हणाला, हसून, आपल्या उंचीबद्दल बोलावं तसं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पोरगी समोर होती, तो समोर होता, गाडीचा मालकही आत गेलेला, तिसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलंही. तोवर तो माझ्या मागं आला.

"पाठ सगळी मातीनं भरलीया पावणं. थांबा."

आणि महादेव माझी पाठ झटकायला लागला. मी थांबलो, आणि झटकून घेतली.