विसरण्याची फाइल

नागेश गेल्याचा फोन आला तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. यशवंतपूरच्या आमच्या खिडकीतून मंडईतल्या कांद्याचा ओलसर, किंचित कुजका वास येत होता आणि मी लॅपटॉप उघडून बसले होते. "पहाटे गेले, अक्का," एवढेच त्याची बायको सुधा म्हणाली. फोन ठेवल्यावर माझी नजर नकळत पडद्यावर गेली. उघड्या पानाच्या कोपऱ्यात जी वेळ दिसत होती, ती पहाटेच्याही आधीची होती. ती चूक नव्हती. नागेशनेच माझ्या ब्राउझरला तसे शिकवून ठेवले होते... कुणी वेळ विचारली तर इथली सांगू नकोस, दूर ग्रीनिचची सांग. म्हणजे आपण कुठे बसलो आहोत हे कुणाला उमगणार नाही. त्या घड्याळात पहाट व्हायची होती. त्या घड्याळात माझा भाऊ अजून श्वास घेत होता. ते पान बंद करायला माझा हात कितीतरी वेळ धजला नाही.

नागेश माझा धाकटा चुलतभाऊ. आमचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मधे आमची अशी एक सरमिसळ बोली. लहानपणी लग्नघरात लपाछपी सुरू झाली की आम्ही दाराआड, पलंगाखाली शिरायचो. नागेश सरळ पंगतीत जाऊन बसायचा. शंभर माणसांत एक मान खाली घालून भात कालवणारे मूल. त्याला शोधणारा त्याच्यासमोरून तीनदा जायचा. "लपू नये अक्का, मिसळून जावं," हे तो तेव्हा म्हणायचा, आणि पुढे मारतहळ्ळीला संगणकाच्या नोकरीत स्थिरावल्यावरही तेच म्हणत राहिला.

त्या विचारातूनच त्याची ती फाइल जन्मली. ब्राउझरने काय लक्षात ठेवायचे, कुणाला काय सांगायचे, काय विसरायचे, याच्या सूचना एकाखाली एक लिहिलेली साधी फाइल. आधी ती घरच्यांपुरती होती. मग मित्रांनी घेतली, मित्रांच्या मित्रांनी घेतली, आणि कधीही न भेटलेली माणसेही ती आपापल्या यंत्रात ठेवू लागली. सूचना यंत्राच्या भाषेत असत. प्रत्येकीच्या डोक्यावर मात्र तिचा अर्थ सांगणारी एक मराठी ओळ असे, आणि ती ओळ लिहिणे माझ्याकडे होते. "तू कवितेतली. थोडक्यात सांगायचं तुला जमतं," असे म्हणून त्याने ते काम माझ्या गळ्यात घातले होते. पण शेवटचा शब्द सुधाचा. संगणकाशी तिचे फारसे सख्य नाही. ती अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेली असायची, बोटांना त्या दाण्यांचा तेलकट सुगंध. नागेश ओळ वाचायचा, आणि ती "सरी, कळलं" म्हणाली तरच ओळ फाइलमध्ये जायची. तिला कळले नाही तर माझी कितीही सुंदर ओळ परत यायची. "अक्का, स्वल्प कविता कमी कर," असा वर तिचा शेरा.

आजारपणात त्याचे पाय सुजले, बसणे अवघड झाले. पडल्यापडल्या तो सुधाच्या लॅपटॉपवर स्वतःच्या नावाने मऊ चपला शोधायचा. त्याच सुमारास ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि आपण काय शोधले ते जाहिरातवाल्यांना न सांगण्याच्या सूचनेचे नाव बदलले. जुन्या नावाची ओळ फाइलमध्ये होती, पण तिला आता कुणी ओ देत नव्हते. नागेश धडधाकट असता तर त्याने दुसऱ्या दिवशीच ते ओळखले असते. मला त्यातले काही समजत नव्हते.

दिवस-कार्य आटोपल्यावर मी सुधाकडे गेले, तेव्हा तिने मला ओढतच लॅपटॉपपाशी नेले. ती बातम्या वाचत होती, आणि बातमीच्या कडेला मऊ चपलांची जाहिरात होती. वर लिहिले होते, 'नागेश, तुमच्यासाठी.'

"बघ," ती कुजबुजली, जणू मोठ्याने बोललो तर ते उडून जाईल. "ह्या यंत्राला ठाऊकच नाही, ते गेलेत म्हणून."

ती रोज पाहू लागली. चपलांच्या जागी चालायचे बूट आले. मग पळायचे. पडद्यावरचा नागेश बरा होत चालला होता. "आज ह्यांना डोंगर चढायची काठी दाखवली," ती फोनवर सांगायची, आणि तिच्या आवाजातला आनंद ऐकून मी घाईने विषय बदलायचे.

तेवढ्यात देवनहळ्ळीच्या एका शिक्षिकेचा निरोप आला. तीही आमची फाइल वापरायची. सासरी एकच संगणक, आणि तिने लपवलेल्या दुखण्याची औषधे आता सगळ्यांदेखत पडद्यावर येऊ लागली होती. 'सासूबाईंनी आज दोनदा माझ्याकडे पाहिलं. लवकर काहीतरी करा,' तिने लिहिले होते. नागेशच्या एका सहकाऱ्याला विचारून मी सूचनेचे नवे नाव मिळवले. नाव बदलले की अर्थाची ओळही नवी, हा नागेशचा नियम होता. ती घेऊन मी मारतहळ्ळीला गेले.

"एका दुकानात काय पाहिलं ते दुसऱ्या दुकानाला सांगू नकोस," मी वाचले.

"कळलं नाही."

"दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या पाठोपाठ घरी येऊ देऊ नकोस."

"कळलं नाही, अक्का."

तिला सगळे कळले होते. मी तिला शिक्षिकेचा निरोप वाचून दाखवला. तिने डोळे मिटून घेतले. "उद्या ये," ती म्हणाली. "आजचा दिवस राहू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले, तेव्हा दार उघडेच होते. सुधा पडद्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती. खोलीत कुणी नुकतेच उठून गेल्यासारखी शांतता होती. पडद्यावर बर्फाचे डोंगर होते, पाठीवर पिशवी घेतलेला एक पाठमोरा माणूस होता, आणि शब्द होते, 'नागेश, या वेळी एकट्याने निघा.'

"जातायत," सुधा म्हणाली. "आणि मी रोज इथे बसून अडवतेय त्यांना." मग पदराने तोंड पुसून तिने विचारले, "ती ओळ लिहून घेतेस?"

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. तळाशी तो मांजराच्या पोटासारखा उबदार होता.

"लिही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नकोस."

मी ती तशीच लिहिली. एक शब्द बदलला नाही. तिच्याखाली सूचनेचे नवे नाव घातले, फाइल सगळ्यांना पाठवली आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. बातम्या आल्या, कडेची जागा अनोळखी जाहिरातींनी भरली, आणि त्यांत कुणाचेही नाव नव्हते.

संध्याकाळी शिक्षिकेचा निरोप आला, 'थांबलं सगळं. पण ती नवी ओळ कुणी लिहिली? वाचून अंगावर काटा आला.' मी तो सुधाला वाचून दाखवला आणि काय कळवू, असे विचारले.

ती क्षणभर पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे पाहत राहिली.

"ह्यांनी, म्हणून सांग."